पेटी, काका आणि आठचा आकडा

काकांचे अभंग घरच्या घरी रेकॉर्ड करायच्या खटाटोपात मागच्या नोंदीत आवाज शोषणाऱ्या गोधड्यांच्या कपाटापर्यंत आलो होतो आणि 'आता फक्त माइक घ्यायचा राहिला' असं थाटात लिहिलं होतं. त्याला तीन महिने झाले. नवा माइक अजून घेतलेला नाही. पण परवा रात्री साडेअकराला एक टेक असा आला की हेडफोन काढून आधी बायकोला उठवलं. (तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.)

अडचण जुनीच. काका अभंग गातात आणि पेटी स्वतःच वाजवतात. आधी पेटीचा ट्रॅक, मग हेडफोन लावून गाणं, हे दोनदा सुचवून झालं. "अरे, पेटी हातात नसेल तर मला पुढची ओळ सुचत नाही," हे उत्तरही दोनदा मिळालं. म्हणजे एकाच बैठकीत दोन्ही, आणि तेही दहा बाय अकराच्या खोलीत. आवाजाच्या माइकमध्ये पेटी इतकी शिरते की मिक्सिंगला काही उरतच नाही. आवाज वर उचलला की पेटीही येते, लग्नात बोलावलं नसताना येणाऱ्या पाहुण्यासारखी.

सगळे उपाय करून झाले. गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ट्रॅक बंद करणारं साधन) निरुपयोगी, कारण पेटी थांबतच नाही. ईक्यूने, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करून, काय कापणार? दोघं एकाच पट्टीत, एकाच सप्तकात नांदतात. आवाज वेगळा काढून देणारं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. तानेपर्यंत ठीक, पण लांब 'आ'कार आला की शेपटीला पेटीचा सूर चिकटून येतो आणि काका पाण्याखालून गात असल्यासारखे वाटतात.

मग एसएम ५७ हा माइक. तो कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा. कार्डिऑइडचा बहिरा कान पाठीमागे असतो, तर पाठच पेटीकडे करू, असा विचार. हनुवटीखालून, तोंड वर, शेपूट पेटीकडे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काकांची वही पेटीवर असते आणि माइक बरोबर वहीच्या मध्ये. ते मान तिरकी करून वाचायला लागले की आवाजाचा पोत दर ओळीला बदलतो. शिवाय माझ्या तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट टूआयटूचा (माइक संगणकाला जोडणारा डबा) गेन, म्हणजे आवाज वाढवायची ताकद, जास्तीत जास्त ५६ डीबी (डेसिबल). काका हळू गायले की नॉब शेवटाला टेकतो.

इथवर माझी यादी सरळ होती: एकच चांगला मोठ्या डायफ्रामचा (आवाज झेलणाऱ्या पडद्याचा) कार्डिऑइड, एकतर रोडचा नवा एनटी१ नाहीतर ऑडिओ-टेक्निकाचा एटी ४०४०. एनटी१ चा स्वतःचा आवाज (माइकची आपली सूं) फक्त ४ डीबीए (कानाच्या हिशेबाने मोजलेले डेसिबल), आणि त्या आकड्यावर मी महिनाभर लट्टू होतो. मग एका रात्री मोबाइलवर खोली मोजली. सगळं बंद करूनही पस्तिशीच्या खाली जाईना. मोबाइलचं मोजमाप कच्चं असतं, मान्य. पण ज्या खोलीत वरच्या मजल्यावरची चप्पल ऐकू येते, तिथे ४ आणि ७ डीबीए यांत फरक शोधणं म्हणजे भरल्या बाजारात टाचणी पडल्याचा आवाज ऐकणं. हा आकडा पाहून माइक निवडू नका. निदान फ्लॅटमध्ये राहत असाल तर नकोच.

खरी ठिणगी पडली ती पॅटर्नचे (माइक कुठल्या दिशेने किती ऐकतो त्याचे) आलेख पाहताना. कार्डिऑइड ९० अंशांवर फक्त ६ डीबीने उतरतो. पेटी तोंडाच्या बरोबर खाली, म्हणजे जवळपास ९० अंशांवरच. मग मी इतके दिवस भांडत कुणाशी होतो? फिगर-एट (पुढून आणि मागून सारखंच ऐकणारा पॅटर्न) मात्र ९० अंशांवर, तत्त्वतः, ठार बहिरा. आणि नुसता डावी-उजवीकडे नाही, तर माइकच्या भोवती गोल कड्यासारखा: वर, खाली, दोन्ही बाजू. माइक तोंडासमोर उभा धरला की त्याचं बूड थेट पेटीकडे रोखलेलं.

मित्राकडून आठवड्यासाठी रोड एनटी२-ए आणला. तीन पॅटर्न, पॅड (जोराचा आवाज कमी करणारं बटण), लो-कट (खालचे सूर कापणारं बटण), सगळं अंगावरच. काकांना समजावताना म्हटलं, "हा आठच्या आकड्यासारखा ऐकतो." त्यांनी हवेत बोटाने आपला ८ काढला आणि म्हणाले, "मग एका बाजूने उघडाच की!" यापुढे मी 'दोन लाडू शेजारी शेजारी' म्हणणार आहे.

पहिला टेक वाईट. पेटी खाली गेली, पण माइकच्या पाठीमागून भिंतीवर आपटून परतलेला आवाज आणि शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी स्वच्छ आली. फिगर-एटची पाठ तोंडाइतकीच तिखट असते, हे विसरलो होतो. मग अख्खी बैठक फिरवली: माइकची पाठ गोधड्यांच्या कपाटाकडे (झालं ना त्याचं सार्थक!), रस्त्याची खिडकी डाव्या कुशीला, म्हणजे बहिऱ्या कड्यात. आणि मग लक्षात आलं की छताचा पंखाही त्याच कड्यात आहे, डोक्यावर. मे महिन्यात काका पंख्याशिवाय दहा मिनिटं बसत नाहीत. एक नंबरवर पंखा चालू ठेवून टेक घेतला आणि चालला! या एका गोष्टीचा आनंद मला माइकपेक्षा जास्त झाला.

जवळून गायल्यावर फिगर-एट खर्ज फार फुगवतो, कार्डिऑइडपेक्षाही. एक वीत अंतर आणि ८० हर्ट्झचा कट, एवढ्यावर आवरलं. कट लावायला जीव घाबरत असेल तर हिशेब करा. काका काळी दोनमधून गातात, म्हणजे षड्ज १५५ हर्ट्झच्या आसपास. मंद्र पंचमाला उतरले तरी ११६. ८० च्या खाली फक्त रिक्षा आणि लिफ्ट.

पेटीवर एसएम ५७ उलटा टांगला: तोंड जाळीकडे, पाठ काकांकडे. पट्ट्यांची टकटक येते, पण थोडी हवीच. आवाजाच्या ट्रॅकमध्ये पेटी आता आधीच्या तुलनेत १० ते १२ डीबीने खाली आहे. पूर्ण गेलेली नाही, खोलीतून फिरून येणारी पेटी कुठला पॅटर्न अडवणार? पण आता फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हलवला की खरंच एकच माणूस हलतो.

स्टँडबद्दल दोन शब्द. एनटी२-ए चांगलाच जड आहे, आणि मी एका दुकानातून स्वस्तात आणलेला बूम स्टँड अंतऱ्यापर्यंत वाकून काकांना नमस्कार करत होता. सध्या दुसऱ्या टोकाला दोन किलो तांदळाची पिशवी बांधली आहे. माइकच्या बजेटमधून स्टँडचे पैसे आधी बाजूला काढा.

तर ठरलं होतं, एनटी२-एच घ्यायचा. पण हे लिहिता लिहिता एक किडा वळवळतोय. फिगर-एटच हवा असेल तर रिबन (धातूच्या पातळ पट्टीने आवाज झेलणारा माइक) का नाही? रिबन जन्मतःच फिगर-एट, आणि त्याचा नल (बहिरा कोन) एनटी२-एसारख्या दोन डायफ्रामच्या कंडेन्सरपेक्षा साफ. टाळांचा चिरका आवाजही तो मऊ करतो. पण साध्या रिबनला माझे ५६ डीबी पुरणार नाहीत, म्हणजे वर बूस्टर आला. आणि पुढे भजनी मंडळ बसवून ओम्नीत (चहूबाजूंनी ऐकणाऱ्या पॅटर्नमध्ये) घ्यायचं असेल तेव्हा रिबन काय कामाचा? नाही, एनटी२-एच. बहुतेक. मित्राकडून अजून एक आठवडा मागून टाळ लावून पाहतो, मग सांगतो.

काकांना टेक ऐकवला. आवाजावर काही बोलले नाहीत. मी हौसेने पेटीचा ट्रॅक एकटा लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग हात वर केला. "थांब. हा कोमल निषाद कधीपासून असा रडतोय?" खर्ज आणि नर (पेटीतल्या स्वरपट्ट्यांचे दोन संच) यांचे सूर एकमेकांपासून सुटलेत, लहर स्पष्ट ऐकू येते. इतके दिवस त्यांच्याच आवाजाखाली दडली होती. आता पेटी दुरुस्तीला चालली, आणि ती परत येईपर्यंत काका गाणार नाहीत.