सतरा नंबरचा फॉर्म

शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार जोडायचं, मग कागद कनिष्ठ महाविद्यालयात नेऊन द्यायचे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला अमरावतीचं विभागीय मंडळ. काम एवढंच, पण मी ते माझी लेक आठवीत गेल्यावर केलं.

तोवर माझं एकच पालुपद होतं : आधी आत्मविश्वास येऊ दे, मग भरीन.

"काहून वं, आता बारावी करून कलेक्टर होतं का?" शेजारच्या काकू म्हणायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायची. लागायचं ते रात्री.

भाची बी.एड. करत होती. तिच्या पुस्तकात विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाचं 1890 मधलं सूत्र सापडलं : आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. म्हणजे यश वाढवा, नाहीतर अपेक्षा तरी कमी करा. आमच्याकडच्या बायका दुसरी वाट फार लवकर शिकतात. मीही 'मले काय करायचं शिकून' म्हणत अपेक्षा पार तळाला नेली होती. सूत्राप्रमाणे मी केव्हाच समाधानी व्हायला हवी होती. झाले नाही, कारण अपेक्षा गेलीच नव्हती, मी फक्त ती बोलायची थांबले होते. जेम्ससाहेबांनी हे धरलंय की नाही, देव जाणे.

मला खरा उपयोगी पडला दुसरा एक मानसशास्त्रज्ञ, आल्बर्ट बांडुरा. 'आपल्याला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो, यावर 1977 साली त्याने चार गोष्टी मांडल्या : स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कोणी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात पहिलीचा जोर सर्वांत जास्त. म्हणजे मी ज्याची वाट पाहत बसले होते, ते काम सुरू केल्यावरच येणार होतं.

वेळेचा प्रश्न उरलाच. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई घरी येते ती कंबर धरूनच. 'रोज अभ्यास करीन' हे दोन दिवसही टिकलं नाही. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की नुसता निश्चय ठेवू नका, 'अमुक झालं की तमुक करीन' असं बांधून घ्या. मी बांधलं : शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की चुलीपाशीच इंग्रजीची वही उघडायची. एक पत्र लिहायचं, बस्स. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, बँकेला पासबुकासाठी अर्ज. पानांना पिठाची बोटं लागायची. एके दिवशी लेकीनं वही पाहिली आणि म्हणाली, "आई, स्पेलिंग बरोबर आहे की सगळं!" तेवढ्यानं मी दुसऱ्या दिवशी दोन पत्रं लिहिली.

निकालात बाकी विषय निघाले, इंग्रजी राहिलं. काकूंना बातमी माझ्याआधी कळली होती. वाईट वाटलंच, जेवण गेलं नाही. पण 'मी नापास' आणि 'माझा एक विषय राहिला' ही दोन वाक्यं मला पहिल्यांदाच वेगळी ऐकू आली. त्याच आठवड्यात पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला. पेरणीचे दिवस होते, त्यामुळे पेपराच्या दिवशी सोयाबीन पेरायला नवरा एकटाच गेला. इंग्रजी निघालं, काठावर.

आता मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चं माहितीपत्रक आणलंय. विषयांत मानसशास्त्र मिळतं का, ते आधी बघतेय.