तुम्ही विचारलंत म्हणून: ठेव मोडून सोनं घेऊ का?

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, म्हणून निवृत्त मंडळी मला हटकून विचारतात, "व्याजदर उतरतायत, मुदत ठेव मोडून सोनं घेऊ का?" ठेव मोडू नका. सोनं ठेवा, पण ज्या पैशावर महिन्याचं वाणसामान आणि औषधं येतात, तो पैसा त्यात घालू नका.

2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला आणि त्याच वर्षी सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. त्यामुळे दर उतरले की सोनं चढतं, असं सगळ्यांच्या मनात बसलंय. त्यात तथ्य आहे. सोनं व्याज देत नाही, त्यामुळे ठेवीचं व्याज घटलं की ते बाळगणं परवडतं. पण सोनं बघतं ते मुख्यतः अमेरिकेच्या व्याजदराकडे, आपल्याकडे नव्हे.

मी 2015 मध्ये निवृत्त झाले. त्या जानेवारी ते सप्टेंबरात आपला रेपो दर आठवरून पावणेसातवर आला. सोनं चढायला हवं होतं ना? 2012 च्या अखेरीस दहा ग्रॅमला एकतीस हजारांच्या वर गेलेलं सोनं तोवर पंचवीस-सव्वीस हजारांवर उतरलं होतं. अमेरिका दर वाढवणार, अशी चिन्हं होती. डिसेंबरात तिने ते वाढवलेही.

माझ्या एका मैत्रिणीने 2012 मध्ये ठेव मोडून पाटल्या केल्या होत्या. 2015 मध्ये यजमानांची बायपास ठरली आणि त्या मोडायला मी तिच्यासोबत पेढीवर गेले. सराफाने पाटली दगडावर घासली, कस पाहिला, घट धरली. घडणावळ गेली ती गेलीच. ती तराजूच्या काट्याकडे बघत म्हणाली, "दोन-तीन वर्षं थांबता आलं असतं तर." ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं.

त्याच नोव्हेंबरात सरकारचे पहिले सुवर्ण रोखे आले, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले, वर व्याज देणारे कागद. 2,684 रुपये भावाने मी 50 ग्रॅमचे घेतले, 1,34,200 रुपयांचे. वर्षाला पावणेतीन टक्के, म्हणजे दर सहा महिन्यांनी 1,845 रुपये 25 पैसे खात्यात यायचे. 2023 मध्ये मुदत संपली तेव्हा ग्रॅमला 6,132 रुपये मिळाले. मधली वर्षं भाव कितीही हलला तरी मला ते विकावे लागले नाहीत, कारण घरखर्च पेन्शन आणि ठेवींवर चालत होता. मैत्रिणीच्या आणि माझ्या सोन्यात फरक होता तो एवढाच.

आणि उलटंही घडतं. मार्च 2022 ते जुलै 2023 अमेरिकेने दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच-साडेपाचपर्यंत नेला, तरी सोनं कोसळलं नाही. पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकी गंगाजळी गोठवल्यावर, आपलीही गोठेल या धास्तीने, देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेऊ लागल्या होत्या. असा हिशेब घरबसल्या तुम्ही-आम्ही कसा मांडणार?

म्हणून मी दर बघून सोनं घेत नाही. एकूण पुंजीचा साधारण दहावा हिस्सा सोन्यात. खर्चासाठी आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना: 30 लाखांची मर्यादा, 8.2 टक्क्यांनी भरली तर तिमाहीला 61,500 रुपये, आणि पुढे दर उतरले तरी तुमचा पाच वर्षं तोच. नवे सुवर्ण रोखे फेब्रुवारी 2024 नंतर निघाले नाहीत, त्यामुळे आता गोल्ड ईटीएफ बरा, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड. त्यात घडणावळ नाही, घट नाही, आणि लागेल तेवढंच विकता येतं.

आईची मोहनमाळ मी या दहाव्या हिश्शात धरलेली नाही. ती मोडायला माझा हात धजणार नाही. नातीच्या नावाची चिठ्ठी घालून ती लॉकरमध्ये ठेवली आहे.