२५५ की २६५?

आज दुकानात तासभर दोन घड्याळं आळीपाळीने मनगटावर बांधून बसलो. गार्मिन कंपनीचं, पळणाऱ्यांसाठीचं फोररनर २५५ (२०२२ सालचं) आणि त्याच्यानंतर आलेलं २६५. नव्याचा अमोलेड डिस्प्ले असा झळकतो की जुनं एकदम बापुडवाणं वाटायला लागतं. पण दाराबाहेर उन्हात नेलं, तर जुन्यावरचे आकडे उलट जास्त स्वच्छ दिसले! मल्टीबँड जीपीएस (उपग्रहांचे सिग्नल एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर पकडणारं) दोन्हींत. नुसत्या जीपीएसवर बॅटरी मात्र जुन्याची ३० तास, नव्याची २०. (साताऱ्याची हाफ मॅरेथॉन मी अडीच तासांत रडतखडत संपवतो, तरी हा हिशेब केलाच.) टचस्क्रीन नव्यालाच आहे, पण यवतेश्वरच्या घाटात घामेजलेल्या बोटांना बटणंच बरी.

बायकोला फोन केला. म्हणाली, "पळणार कोण आहे, तू की घड्याळ?"

२५५ घेतलं. निघताना २६५ कडे दोनदा वळून पाहिलं, खोटं कशाला बोलू.