झाकलेला धबधबा

मुक्ता ग्रीनव्हिलला राहायला गेली त्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, "आई, हे गाव तुला आवडणार. इथेही सगळ्या मिलच होत्या."

मी कशाने विरघळते ते तिला बरोबर ठाऊक आहे. माझे वडील सोलापुरात एका मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. आमच्या चाळीत वेळ कळायची ती भोंग्यावरून. रात्रपाळी करून वडील घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं आणि आई त्यांना चहाच्या आधी मोरीकडे पिटाळायची. मिल बंद पडली तेव्हा माझं लग्न झालं होतं. माहेरी गेले की त्या भिंतीच्या बाजूने जायचं मी टाळायची. रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला सांगायची.

ग्रीनव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्याच्या डोंगराकडच्या बाजूचं, ७० हजारांच्या आसपास वस्तीचं शहर. एकेकाळी हे स्वतःला 'जगाचं कापड केंद्र' म्हणवून घ्यायचं. आता आसपास मोटारी, टायर आणि गॅस टर्बाइनचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे पुण्याकडची बरीच इंजिनिअर मुलं इथे येऊन स्थिरावली आहेत. माझे जावई त्यातलेच. गेल्या एप्रिलमध्ये मी महिनाभर त्यांच्याकडे राहिले, आणि त्या महिन्यातले निम्मे दिवस तरी मी गावाच्या मध्यभागी नुसती चालत होते.

पहिल्या संध्याकाळी माझ्या नातीने, ईराने, माझा ताबा घेतला. "आजी, आपल्याला उंदीर शोधायचेत." मेन स्ट्रीटवर पितळी रंगाचे नऊ इवलेसे उंदीर लपवलेले आहेत. ब्राँझचे. कुणी कारंज्याच्या कडेवर, कुणी भिंतीच्या खाचेत. इथल्या एका शाळकरी मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी ही कल्पना मांडली, झॅन वेल्स या शिल्पकार बाईंनी ते उंदीर घडवले आणि २००० सालापासून ते रस्त्यावर आहेत. पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौथरा, कठडा आणि वर मान करून बघायचं काहीतरी येतं. इथे मात्र मी साठीची बाई गुडघ्यावर बसून एका दुकानाच्या पायरीखाली डोकावत होते, माझ्या शेजारी एक अनोळखी आजोबा तसेच वाकले होते, आणि त्यांची नात ईराला खुणेने सांगत होती, "इथे नाही, पलीकडे." पहिला सापडला तेव्हा ईराने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. हजारो बोटं फिरून ती पाठ गुळगुळीत, चकचकीत झाली आहे. कान मात्र काळपट राहिलेत.

उंदीर शोधायला गेलं की रस्ता पायी बघावाच लागतो. आणि हा रस्ता बघण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंनी मोठी झाडं, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली रुंद पदपथ, त्यावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं. गाड्यांना मधे जेमतेम दोन पदर. जावई म्हणाले, पूर्वी इथे चार पदर होते. गावाबाहेर मॉल आले, दुकानं तिकडे गेली, आणि संध्याकाळी इथे चिटपाखरू नसायचं. मग १९७० च्या दशकात महापौर मॅक्स हेलर यांनी रस्ता निम्मा करायचं ठरवलं. लॉरेन्स हालप्रिन या वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेतला, दोन पदर काढून घेतले, झाडं लावली. आधीच गिऱ्हाईक नाही, त्यात गाड्यांची वाट अरुंद करायची, हे दुकानदारांना पटवणं किती जड गेलं असेल याचा विचार मी त्या झाडांखालून जाताना दर वेळी करायची.

या हेलर यांची गोष्ट मला इतकी लागली की त्यांच्या पुतळ्यापाशी मी तीनदा गेले. ते मूळचे व्हिएन्नाचे ज्यू. १९३७ साली तिथे फिरायला आलेल्या ग्रीनव्हिलच्या एका मुलीशी त्यांची ओळख झाली होती, एका नाचाच्या संध्याकाळी, एवढीच. पुढच्या वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांनी तिला पत्र लिहिलं. तिने गावातल्या एका शर्टाच्या कारखानदाराकडे शब्द टाकला, आणि १९३८ मध्ये हेलर इथे येऊन पोचले. पहिलं काम, कारखान्याची फरशी झाडायचं. पुढे स्वतःचा शर्टाचा कारखाना काढला, आणि १९७१ ते १९७९ या गावाचे महापौर झाले. ज्या गावाने जीव वाचवला त्या गावाचा रस्ता त्यांनी माणसांना चालण्यासारखा करून दिला. माझ्या वडिलांनी साच्यावर बसण्याआधी दोन वर्षं खात्यात झाडूच मारला होता. त्या पुतळ्यापुढे मला दुसरं काही आठवलं नाही.

मेन स्ट्रीट उतरत उतरत खाली गेला की पाण्याचा आवाज यायला लागतो. गावाच्या ऐन मध्यात रीडी नदीचा धबधबा आहे. नदी लहान आहे, आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. पण काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून ती फुटून, पसरून, पुन्हा गोळा होऊन खाली येते, आणि दोन्ही काठांवर हिरवळ, फुलांचे ताटवे आणि सपाट खडकांवर पाय पसरून बसलेली कुटुंबं. याच धबधब्याच्या जोरावर इथे पहिल्या चक्क्या आणि मग कापडाच्या मिल उभ्या राहिल्या. आणि त्याच मिलनी नदीची वाट लावली. रंगखात्याचं पाणी सरळ नदीत. लोक तिला 'रेनबो रीडी' म्हणायचे, कारण त्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालू असेल त्या रंगाची नदी वाहायची. हे ऐकलं आणि मी मुक्ताचा हात धरला. आमच्या घरामागच्या ओढ्यावरून शेजारच्या काकू सांगायच्या, आज चादरी लाल निघाल्या, आज जांभळ्या.

पुढचा भाग मला खरंच वाटेना. १९६० साली या धबधब्याच्या थेट वरून चौपदरी रस्त्याचा पूल टाकला गेला. कॅम्परडाउन पूल. नदी घाण, कडेला पडकी बांधकामं, तिच्याकडे बघायचं तरी कशाला, तर वरून गाड्या जाऊ देत. आणि मग एक पिढी अशी वाढली की आपल्या गावात धबधबा आहे हेच तिला माहीत नव्हतं. तो कुठे गेला नव्हता. पुलाखाली, झुडपांत, रात्रंदिवस कोसळत होता.

तो पहिल्यांदा पुन्हा पाहिला बायकांनी. १९६७ मध्ये इथल्या कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लबच्या बायका नदीकाठी उतरल्या आणि २६ एकर जागा साफ करण्याचा ध्यास घेतला. पालिकेला आणि ज्या विद्यापीठाचं जुनं आवार वरच्या टेकाडावर होतं त्या फर्मन विद्यापीठाला त्यांनी सोबत घेतलं. काटेरी झुडपं तोडली, कचरा उपसला, रोपं लावली. डोक्यावरून चार पदर गाड्या चाललेल्या असताना खाली फुलझाडं लावायची, आणि तीही वर्षानुवर्षं! या बायकांचं मला फार मोठं वाटतं. पूल पाडा असं म्हणायला पुढे जे कुणी धजावले, त्यांना धजावता आलं ते खाली काहीतरी राखलेलं होतं म्हणूनच, असं माझं मत आहे.

पाडायला विरोध झालाच. धडधाकट, चालता पूल, रोजच्या वाहतुकीचा, तो का पाडायचा? १९९५ पासून महापौर असलेल्या नॉक्स व्हाइट यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं अंगावर घेतला. शेवटी पूल उतरवला आणि २००४ मध्ये त्या जागी फॉल्स पार्क आणि फक्त पायी चालणाऱ्यांचा लिबर्टी ब्रिज खुला झाला.

हा लिबर्टी ब्रिज मी सकाळी, दुपारी, रात्री, पावसात, सगळ्या वेळी पाहिला. लांबी ३५५ फूट. मिगेल रोझालेस या रचनाकाराने तो सरळ न नेता धबधब्याच्या भोवती वाकवला आहे, आणि त्याला धरणारी जाड केबल एकाच बाजूला आहे. धबधब्याकडची बाजू सगळी मोकळी. मी कठड्याला टेकून खाली बघत होते तेव्हा पाठीमागून एक मुलगा पळत गेला आणि पायाखालची फरशी किंचित थरथरली. लहानपणी साचेखात्याच्या दारात वडिलांचा डबा घेऊन उभी राहायची तेव्हा तळपायातून अशीच थरथर यायची.

बागेत डेल चिहुली यांचा गुलाबी स्फटिकांचा मनोरा आहे, तो ईराला आवडला, मला फारसा नाही. मला जे लागलं ते वर गावात आहे. मेन आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर दोन विद्यार्थ्यांचं ब्राँझचं शिल्प आहे, स्टर्लिंग हायस्कूलचे. ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. १९६० मध्ये तिथल्या मुलांनी, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसायचं धाडस केलं. १९६७ मध्ये शाळा जळून गेली. आता ती दोघं कोपऱ्यावर पायऱ्या उतरताना दिसतात, खऱ्या माणसाएवढी, गर्दीत मिसळून. आणि थोडं पुढे एका उंच इमारतीची अख्खी भिंत भरून गिडो व्हॅन हेल्टन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने एक निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका आणि तिच्याभोवतीची मुलं रंगवली आहेत. १९७० मध्ये इथल्या शाळांमधला गोरा-काळा भेद मोडला, त्याची ती आठवण. पदपथावरून वर बघितलं की त्या बाईंचा चेहरा आभाळाला लागलेला दिसतो. शाळामास्तरणीचं एवढं मोठं चित्र मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात भाड्याने सायकली घेऊन आम्ही स्वॉम्प रॅबिट ट्रेलवर गेलो. जुन्या रेल्वेमार्गावरची ही पायवाट-सायकलवाट, आता २८ मैलांच्या आसपास. ती रेल्वे डोंगर ओलांडून टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला पोचायची होती. कधीच पोचली नाही, पण तिची वाट उरली. गावातून निघून नदीकाठाने ट्रॅव्हलर्स रेस्ट नावाच्या छोट्या गावापर्यंत जाते. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाट सपाट, आणि म्हणूनच मला जमली.

सहा-सात मैलांवर माझ्या सायकलची चेन उतरली. दुकानातून घेतानाच ती खडखडत होती आणि तिथल्या माणसाने काही होत नाही म्हणून पाठवलं होतं. बोटं काळी करत बसले होते, तर एक वयस्क गृहस्थ थांबले. चेन बसवताना त्यांनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, भारतातल्या मिलच्या गावातून. ते म्हणाले, माझी आई मिलमध्ये होती, वडीलही, आणि मी शाळा सुटल्यावर डॉफर होतो.

डॉफर! भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या चढवणारा पोऱ्या. आमच्या चाळीत हा शब्द जसाच्या तसा होता. खालच्या मजल्यावरच्या एका मामांना सगळे डॉफरमामाच म्हणायचे, त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. मी हाताने बॉबिन उपसल्याची खूण केली, त्यांनीही केली, आणि आम्ही दोघं रुळांच्या जागेवर उभे राहून हसलो. मग मी विचारलं, गाव आता आवडतं का? ते थोडं थांबले. म्हणाले, नदी आवडते. पण मी जिथे वाढलो त्या मिलच्या वस्तीत आता मला घर परवडत नाही.

ते वाक्य घेऊनच मी युनिटी पार्क बघायला गेले. मे २०२२ मध्ये खुली झालेली ६० एकरांची ही बाग सदर्नसाइड या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीला लागून आहे. भेदभावाच्या काळात इथे गोऱ्यांचं मेडोब्रुक पार्क वेगळं आणि काळ्यांचं मेबेरी पार्क वेगळं होतं, त्यातही मेबेरीच्या वाट्याची जमीन काढून घेतली गेली. पुढे हा काठ पालिकेच्या कामांच्या आवारासाठीच वापरात राहिला. आता दोन्ही बागांच्या जागेवर एकच बाग आहे आणि बागेलगतची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी ठेवली आहे. चांगलं आहे. पण बाग आली की भोवतालचे भाव आधी वाढतात, घरं नंतर बांधली जातात. मधल्या काळात उठून गेलेले लोक परत येत नाहीत. फॉल्स पार्कच्या हिरवळीवर बसलेल्या गर्दीत मी त्या गृहस्थांच्या वयाची, त्यांच्यासारखी माणसं शोधायला लागले. थोडीच होती.

नदीचंही सगळं संपलेलं नाही. प्रवाहाच्या खाली कोनेस्टी तलाव आहे, मिलच्या जुन्या धरणाने अडवलेला. गावाने शंभर-दीडशे वर्षं जे नदीत सोडलं ते तिथे गाळात बसलं आहे, वर आता पक्ष्यांचं अभयारण्य. तिथल्या लाकडी पुलावरून मी निळा बगळा पाहिला, आणि त्याच्या पायाखालच्या चिखलात काय आहे ते ठाऊक असल्याने बराच वेळ तिथून हलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आठ उंदीर झाले होते. ईरा नवव्यावर हटून बसली, म्हणून पुन्हा मेन स्ट्रीटला गेलो. ती शोधत होती तेव्हा बाकावर बसून मी सोलापूरला भावाला फोन लावला. तिकडे पहाट होती.

"मिलचं धुराडं आहे का रे अजून?"

"आहे की. का गं, अमेरिकेत जाऊन धुराडं आठवलं?"

"आणि मागचा ओढा?"

"ओढा कुठला, त्यावर स्लॅब टाकलाय. वर गाड्या लावतात."

"पाणी आहे का खाली?"

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "थांब, फिरायला निघतोच आहे, बघून सांगतो." अर्ध्या तासाने त्याने फोटो पाठवला. विटांच्या धुराड्याला वरच्या बाजूने चीर गेलेली आणि चिरेतून पिंपळ उगवलेला. दुसरा फोटो स्लॅबच्या टोकाचा, काळा, काहीच न दिसणारा. त्याखाली त्याने लिहिलं होतं, "दिसत नाही. पण कान लावला की आवाज येतो."