काळी पडलेली पैंजणं

लेकीची चांदीची पैंजणं महिन्याभरात काळी पडली, तेव्हा बायकोने आधी सोनारालाच शिव्या घातल्या. मग शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यातलं निरांजनही तसंच निघालं. ठाण्याजवळच्या दिवा गावात आमच्या चाळीमागे तबेला आहे. तिथे बायोगॅस सुरू झाल्यापासून सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण डम्पिंगशेजारी वर्षं काढलेल्यांना वासाचं काय कौतुक!

शेणाच्या गॅसमध्ये मिथेनबरोबर थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. चांदी काळी करतो तो हाच. तो शोषायला लोखंडाच्या किसाचं पिंप बसवतात, पण कीस वेळच्या वेळी बदलावा लागतो. तबेलेवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळं परमिशनने आहे."

मग म्हटलं, परमिशनच बघू. माहिती अधिकाराचा अर्ज केला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील, स्टॅम्प 20 रुपयांचा, आणि ठाण्याच्या खेपांत गेलेले दोन खाडे वेगळेच. सुनावणीत साहेब म्हणाले, "वासाचा काही पुरावा?" मी खिशातून पैंजण काढून टेबलावर ठेवलं. साहेब हसले, पण फाईल दाखवायचा आदेश निघाला. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, तेवढा पुरला.

कागदावर होतं: 80 म्हशी, त्यांचंच शेण, स्लरीची, म्हणजे गॅस काढून उरलेल्या पातळ शेणाची टाकी झाकलेली. एक म्हैस दिवसाला 12-15 किलो शेण टाकते. म्हणजे सगळं मिळून टन-सव्वा टन. इथे तर रोज दोन टेम्पो बाहेरून रिकामे होत होते, टाकी उघडी. गॅसला गिऱ्हाईक मिळालं की दुसऱ्यांचं शेणही आपल्याच दारात येतं. कॅलिफोर्नियात मोठ्या डेअऱ्यांच्या गॅसला सरकारी योजनेतून क्रेडिट, म्हणजे विकून पैसे करता येणारे गुण, मिळतात, तिथल्या शेजारच्या वस्त्यांचीही हीच तक्रार आहे. प्लांट बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही. पूर्वी तेच शेण नाल्यात जायचं.

काकूंनी गॅलरीतून टेम्पोचे फोटो काढले, तारखेसकट. ते जोडून तक्रार दिली, पाहणी झाली. टाकीवर पत्रा आला, कीसही बदलला म्हणतात. टेम्पो मात्र आता रात्री अकरानंतर येतात. पैंजणं टूथपेस्टने घासून मागच्या खिडकीत टांगली आहेत. आज नववा दिवस, कडीपाशी जरा पिवळट दिसतंय.