फायबरच्या शेपटीवर दिवा बसवताना

नाशिकला आडगावात आमच्या शेडमध्ये दोन सीटचं किटचं विमान, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं विमान, उभं राहतंय. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते वाचल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात हे होतं. मी अंबडला वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या तयार जुड्या बांधायच्या कामात आहे. सासरे, म्हणजे अप्पा, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात शीटमेटलवर होते, आधी मिग आणि पुढे सुखोई. त्यामुळे शेपटीचा दिवा आम्हा दोघांच्या वाट्याला आला. पत्रा त्यांचा, वायर माझी.

आमच्या विमानात हा दिवा रडरच्या, म्हणजे शेपटीच्या डावीउजवीकडे वळणाऱ्या उभ्या पात्याच्या, तळाशी, फायबरग्लासच्या टोपीवर मागच्या बाजूला बसतो. टोपीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. पुढच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत थेट शेपटीवर येतो, शिवाय पायाने पेडल दाबलं की रडरबरोबर दिवाही डावीउजवीकडे फिरतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, शेपटीला बसणारे हादरे वेगळेच. नवऱ्याचं म्हणणं होतं, पत्र्याचे स्क्रू थेट फायबरमध्ये पिळू आणि वर चिकटवून टाकू. अप्पांनी लगेच अडवलं. "अरे, हा दिवा उद्या काढावा लागणार. दोनदा काढलास की फायबरमधला आटा गेला. आणि चिकटवलास तर काढताना टोपीच फोडशील." मलाही तेच पटलं. वायरिंगच्या कामात जी वस्तू उघडता येत नाही तिची तपासणीही कोणी करत नाही.

मग ठरलं नटप्लेटचं. नटप्लेट म्हणजे दोन कान असलेला छोटा नट. कान रिव्हेटने पत्र्याला पक्के केले की मागून पाना धरायची गरज उरत नाही, स्क्रू बाहेरून एका हाताने लागतो. तिचा आटा मुद्दाम किंचित दाबलेला असतो, त्यामुळे ती स्क्रूला थरथरीत सैल होऊ देत नाही. अप्पांची तपासायची पद्धत सोपी आहे: स्क्रू नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत गेला तर ती नटप्लेट बाद, नवी लावायची. असा नट असल्यावर आट्याला चिकटद्रव लावायचीही गरज नाही. ते द्रव दिव्याच्या पॉलिकार्बोनेटच्या काचेला लागलं तर तिला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून मी ती बाटली या कामाजवळ येऊच दिली नाही.

नटप्लेटचे रिव्हेट थेट फायबरमध्ये ठोकायचे नव्हते, ठोकताना थर चुरडतात. अप्पांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक कडी कापली, मधे दिव्याच्या मानेएवढं भोक, बाजूला नटप्लेट. रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडवून सपाट केली, म्हणजे कडी फायबरला पूर्ण टेकेल. टोपी वरून उघडी असते, म्हणून हात आत घालून कडी आतल्या बाजूने लावता आली. स्क्रूचं सगळं ओझं त्या कडीवर जातं आणि कडी ते फायबरच्या मोठ्या भागावर पसरवते. "स्क्रू काय, बाजारात मिळतो. दिवा धरतं ते त्याच्या मागचं," हे अप्पांचं वाक्य नवऱ्याने शेडच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

फायबरला भोकं पाडताना आत लाकडाचा ठोकळा धरला, वरून टेप लावली, धारदार ड्रिल आणि हलका हात. तोंडाला मास्क, कारण फायबरची भुकटी घशात जाते. कडी चिकटवण्याआधी पत्रा सँडपेपरने खरवडला, ॲसिटोनने पुसला आणि लगेच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव) लावलं. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसायला वेळ लागत नाही आणि त्या थरावर पकड कमजोर राहते. स्क्रूंना मेण चोळून ते भोकांतून कडीत लावले आणि कडी आवळून ठेवली. त्याने दोन गोष्टी साधल्या: भोकं एका रेषेत राहिली आणि इपॉक्सी आट्याला धरलं नाही. एक अडचण नाशिकच्या थंडीची. पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि इतक्या गारठ्यात इपॉक्सी नीट सुकतच नाही. आम्ही टोपीवर खोकं पालथं घातलं आणि आत साधा पिवळा बल्ब लावून रात्रभर ऊब दिली.

पुढचं काम माझं. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर हवीच. रडर धातूचं आहे म्हणून त्यालाच अर्थ करावं असं कोणालाही वाटेल, पण मग करंट बिजागऱ्यांच्या बेअरिंगमधून परत जाईल. बेअरिंगचा संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. दिवा लुकलुकतो, रेडिओत खरखर येते आणि बेअरिंगही खराब होतं. मी काळी वायर शेपटीतून थेट मुख्य अर्थिंगपर्यंत नेली. बिजागरीपाशी वायर ताणली जाऊ नये, नुसती पिळली जावी, म्हणून ती बिजागरीच्या अक्षालगत नेऊन तिथे सैल वळसा ठेवला. वळशाच्या दोन्ही बाजूंना रबर लावलेला क्लॅम्प, पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे वायर कापली जाऊ नये म्हणून रबरी कडं. मग दिवा लावून नवऱ्याला पेडलवर बसवलं आणि रडर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. वायर कुठे घासतेय का, हे बोट लावून पाहिलं, कारण नुसत्या डोळ्यांना ते समजत नाही.

वजनाची बाब मात्र फार गांभीर्याने घ्यायची आहे. दिवा बिजागरीच्या मागे लटकतो, म्हणजे रडरचा तोल मागे जातो. रडरचा तोल बिघडला तर वेगात ते फडफडू लागतं, आणि ही फडफड काही क्षणांत शेपूट मोडू शकते. म्हणून रडरच्या पुढच्या भागात शिशाचं वजन असतं. दिवा, कडी, वायर, सगळं काट्यावर तोलून वहीत लिहिलं. रंगाचंही वजन होतं, त्यामुळे तोलाची शेवटची तपासणी किटच्या सूचनेप्रमाणे रंगानंतर. विमानाच्या एकूण तोलातही हे धरावं लागतं: गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे दोनशे ग्रॅम, म्हणजे दहा सेंटिमीटर मागे आठ किलो ठेवल्यासारखंच.

रात्री कोन तपासला. पंखांच्या टोकाचे लाल-हिरवे दिवे नाकापासून दोन्हीकडे 110 अंशांपर्यंत दिसायचे असतात, आणि शेपटीचा पांढरा मागच्या बाजूने दोन्हीकडे 70 अंश. तिन्ही मिळून बरोबर 360. म्हणून समोरच्या वैमानिकाला नुसत्या रंगावरून कळतं, हे विमान येतंय की जातंय. अप्पांनी फरशीवर खडूने 70 अंशांच्या रेषा आखल्या आणि मी एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत चालत गेले. दिवा कुठेही झाकला जात नव्हता.

स्क्रूच्या डोक्यावरून दिव्याच्या कडेबाहेर फायबरपर्यंत लाल लॅकरची बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. इंजिन जमिनीवर चालवून झाल्यावर टॉर्च मारून पाहिलं, सगळ्या रेघा सरळ होत्या. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानगीचे कागद नवरा बघतोय. आता डाव्या पंखाचा लाल दिवा घेणार आहोत. तिथेही टोक फायबरचंच आहे, आणि अप्पांनी त्याच्या कडीचा कागदी नमुना आधीच कापून ठेवलाय.