आमची वाटचाल : एक आडवी रेघ आणि न बदललेली पिक्चर ट्यूब

मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आमचे दुकान आहे. १९९५ पासून आम्ही घरच्या टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमवर पोट भरत आलो आहोत. पूर्वी सेट भाड्याने देत होतो, आता मुख्यतः दुरुस्ती करतो. समुराई, लिटल मास्टर, मीडिया आणि कसलेच नाव नसलेली कितीतरी मशिन या टेबलावरून गेली. दुकानाची वाटचाल लिहून काढा, असे गिऱ्हाईक सुचवत असतात. लिहायचेच तर मला १९९८ च्या मे महिन्याबद्दल लिहिले पाहिजे, कारण त्या महिन्यात आमच्यावर आलेला आळ आजवर कोणीही लेखी खोडून काढलेला नाही.

पण त्याआधी १९९१ ची मे महिन्याची सुट्टी सांगतो, कारण धंद्याचे मूळ तिथे आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडात मुंबईहून टीव्ही गेम आला, आणि दुपारची जेवणे उरकली की आम्ही आठ-नऊ मुले त्यांच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसू लागलो. टीव्हीच्या मागे अँटेनाची चपटी वायर काढून तिथे बलून (गेमची गोल वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जुळवणारा छोटा जोड) लावायचा, मग चॅनेलचे बटण फिरवून फाइन ट्यूनिंगची रिंग हळूहळू हलवायची, आणि मुंग्यांच्या पडद्यातून एकदम निळे आकाश आणि विटांची भिंत वर यावी, या क्षणाची आम्ही श्वास रोखून वाट पाहत असू. एका मुलाची लाइफ संपली की पुढच्याचा नंबर. माझा थोरला भाऊ टँकच्या खेळात स्वतःचाच गरुड (जो राखायचा असतो तो तळ) उडवत असे आणि मग रिमोट खराब आहे म्हणून भांडत असे. (हातातल्या कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणत होतो, आणि आजही गिऱ्हाईक तोच शब्द वापरते.) काँट्रा या गोळीबाराच्या खेळात तीस लाइफ मिळवण्यासाठी वर वर खाली खाली डावे उजवे डावे उजवे, मग बी आणि ए, हा क्रम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम सात-आठच असतात आणि बाकी सगळे तेच गेम वेगळ्या नावाने आणि वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात, हे समजायला मात्र आख्खी सुट्टी गेली. मारिओ आठव्या दुनियेपर्यंत नेलेला असावा आणि लाइट जावी, यासारखे दुःख नव्हते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीही सातच्या बातम्यांपर्यंतच, कारण त्यानंतर टीव्ही मोठ्यांचा.

जुलै महिन्यात ते मशिन बंद पडले. घरच्यांनी ते माळ्यावर टाकायच्या आत मी मागून घेतले आणि मामांकडे नेले. माझे मामा रेडिओ दुरुस्त करीत. त्यांनी टीव्ही गेम तोवर पाहिलाही नव्हता. त्यांनी चार स्क्रू काढले, मीटरच्या पिना ७८०५ च्या, म्हणजे स्थिर पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या, पायांवर ठेवल्या आणि म्हणाले, “आत नऊ व्होल्ट येतात, बाहेर काही नाही. पाच यायला हवेत.” रेडिओच्या डब्यातला एक रेग्युलेटर त्यांनी बसवला, पत्र्याचा तुकडा हीटसिंक म्हणून लावला, आणि पडद्यावर मारिओ आला. त्या संध्याकाळी मी जे पाहिले त्यावर आमचे घर आजपर्यंत चालले आहे, असे मी मनापासून म्हणतो.

मामांनी त्यानंतर हा विषय सोडला नाही. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची ही सगळी भावंडे आहेत, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळले. पण त्यांची प्रकृती मामांना दोन वर्षांत तोंडपाठ झाली. ४० पायांच्या दोन मोठ्या आयसी, ६५२७ (प्रोसेसर) आणि ६५३८ (चित्र काढणारी), आणि त्यांच्या शेजारी दोन ६११६, म्हणजे दोन-दोन किलोबाइटच्या रॅम. पडद्यावर अक्षरांचा आणि विटांचा कालवा झाला तर व्हिडिओ रॅम पाहायची. पडदा नुसताच एकरंगी राहिला तर आधी कॅसेट, मग स्लॉट (कॅसेट बसते ती खाच), मग दुसरी रॅम. जिथे आयसीच्या जागी काळा डांबरी ठिपका असतो तिथे ठिपका मेला तर बोर्ड मेला, आणि हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगायचे. मामा महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघत आणि दिवसभर मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, पालथा घालून दुसऱ्या रात्री परत निघत. पहिल्याच खेपेत त्यांनी दोन सेट स्वस्तात आणले, ते एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचे, निघाले. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे आणि वर सरकत राहणारे. तेव्हापासून ते दुकानदाराला आधी झाकण उघडायला लावत आणि मशिनचा ताल ठरवणाऱ्या क्रिस्टलवरचा मेगाहर्ट्झचा आकडा वाचत. २६.६०१७ असेल तर पाल, २१.४७७ असेल तर परत.

मामांची २५ वॅटची सोल्ड्रॉन, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री, मी अजून वापरतो. बिट (टोक) तीन-चारदा बदलले, मूठ तीच आहे. त्यांची दुसरी वस्तू म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधले एक पान. त्यावर मलमलीचे फडके गुंडाळून, आयपीएचे (सफाईच्या अल्कोहोलचे) दोन थेंब टाकून ते ६० पिनांच्या स्लॉटमध्ये घालायचे आणि सरळ वर काढायचे. कॅसेटच्या पट्टीला पेन्सिलीचे खोडरबर, मग कापूस. फुंकर मारायची नाही. फुंकरीतून वाफ आणि थुंकी जाते आणि पट्टीवर हिरवट गंज चढतो. फुंकल्यावर कॅसेट चालते ती फुंकरीमुळे नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना पट्टीला नीट टेकतात म्हणून. ज्यांच्या घरी अजून जुनी मशिन आहेत त्यांनी माझे एवढे ऐकावे.

१९९५ च्या दिवाळीत आम्ही तीन सेटवर भाड्याचे काम सुरू केले. चोवीस तासांना ४० रुपये, सोबत चार कॅसेट आणि दोन रिमोट. मी नववीत होतो; सायकलच्या कॅरिअरला सेट बांधून पोहोचवणे आणि टीव्हीला जोडून देणे हे माझे काम. १९९८ च्या उन्हाळ्यापर्यंत आमचे अकरा सेट झाले होते आणि मे महिन्यात एकही सेट रात्री दुकानात नसे.

त्याच वर्षी आमच्याच रस्त्यावरच्या एका टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी गेमचे सेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. धंदा कोणीही करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचे अ‍ॅडॉप्टर स्वस्तातले होते आणि नऊच्या ऐवजी १४ व्होल्ट देत. ७८०५ ला पाचाच्या वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतात. ९ व्होल्ट आणि ४०० मिलिअँपिअर धरले तर १.६ वॅट, आणि १४ व्होल्टला ३.६ वॅट. त्यांचे सेट तासाभरात तापून बंद पडत आणि लोक ते आमच्याकडे दुरुस्तीला आणत. मामा ते दुरुस्त करून देत, आणि अ‍ॅडॉप्टर बदला असे चिठ्ठीवर लिहीत. त्या चिठ्ठ्यांचा राग धरला गेला असावा, असे मला वाटते.

मेच्या पहिल्या आठवड्यात ब्राह्मणपुरीतल्या एका घरी आमचा सेट लावलेला असताना त्यांचा वीस इंची रंगीत टीव्ही बिघडला. त्याच गृहस्थांना बोलावले गेले. त्यांनी टीव्ही नेला, चार दिवसांनी परत आणला आणि बिलावर लिहिले की व्हिडिओ गेममुळे पिक्चर ट्यूब गेली, ट्यूब बदलली, ३,८०० रुपये. ते बिल घेऊन टीव्हीचे मालक आमच्या दुकानात आले. मामांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, की टीव्ही बंद पडला तेव्हा पडद्यावर काय दिसत होते. ते म्हणाले, “मधोमध एक पांढरी आडवी रेघ.”

या धंद्यातल्या माणसाला पुढचे सांगायला नको. रेघ उजळते आहे, म्हणजे ट्यूबची हीटर पेटलेली आहे, ईएचटी (ट्यूबला लागणारे उच्च व्होल्टेज) येते आहे, आडवे डिफ्लेक्शन, म्हणजे किरण आडवा फिरवणे, चालू आहे. गेले आहे ते फक्त उभे. म्हणजे उभे फिरवणारी व्हर्टिकल आयसी, फार तर तिच्याभोवतीचा एखादा कंडेन्सर. शंभर रुपयांच्या आतला माल. शिवाय गेमचे मशिन अँटेनाच्या जागी जोडलेले, त्यातून व्हर्टिकल सेक्शनपर्यंत काय जाणार? मामांनी हे सगळे समजावले, पण लेखी बिलापुढे तोंडी बोलण्याला किंमत नव्हती. त्यांनी जुनी ट्यूब दाखवा म्हटले, तेव्हा ती भंगारात गेल्याचे उत्तर आले. शेवटी नातवंडांसाठी सेट नेणाऱ्या घराशी भांडण नको म्हणून मामांनी निम्मे पैसे, १,९०० रुपये, स्वतःच्या खिशातून दिले. ते पैसे देणे ही आमची सर्वांत मोठी चूक झाली, कारण गावात त्याचा अर्थ कबुली असा झाला.

आठ दिवसांत अकरापैकी नऊ सेट फळीवर आले. “गेम लावला की ट्यूब जाते” हे वाक्य मला किराणा दुकानात ऐकू आले, शाळेच्या मैदानावर ऐकू आले, एका घरी तर सेट घेऊन गेल्यावर दारातूनच परत पाठवले गेले. खरी गोष्ट सांगायची तर एकच चित्र दिवसेंदिवस भगभगीत ठेवले तर ट्यूबच्या फॉस्फरवर, म्हणजे आतल्या चमकणाऱ्या लेपावर, त्याची सावली उरू शकते, आणि म्हणूनच आम्ही ब्राइटनेस कमी ठेवा, रात्रभर पॉजवर ठेवू नका, असे पहिल्यापासून सांगत होतो. पण चार तास मारिओ खेळून ट्यूब मरत नाही. जूनमध्ये भाडे थकले, मामांनी त्यांची स्कूटर विकली, आणि मी बारावीनंतर शिकायचे की दुकान बंद करून कुठे चिकटायचे यावर घरात रोज बोलणे होऊ लागले.

आम्हाला वाचवले ते पाटबंधारे खात्यातल्या एका काकांनी. ते आमचे पहिल्या दिवाळीपासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी त्याच वर्षी पाडव्याला नवा रंगीत टीव्ही घेतला होता, आणि त्या काळात नवा टीव्ही म्हणजे घरातले दैवत होते, त्यावर विणलेले कव्हर असे. काका दुकानात आले आणि म्हणाले, “दोन सेट द्या, पूर्ण महिन्यासाठी. एक बिघडला तर दुसरा लावू.” त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत तो टीव्ही लावला आणि कॉलनीतल्या सगळ्या मुलांना रोज दुपारी तीन ते सहा बोलावले. महिना संपल्यावर ज्या आयांनी आपली मुले तिथे पाठवली होती त्यांनी स्वतः येऊन त्या टीव्हीचे चित्र पाहिले. काकू सगळ्यांना सरबत देत, याचाही मी उल्लेख करतो, कारण तो खर्च त्यांनी आमच्यासाठी केला. काकांनी भाड्यात एक रुपयाही कमी करून घेतला नाही. गणपतीपर्यंत आमचे सात सेट पुन्हा बाहेर होते. काकांचा तो टीव्ही २०११ पर्यंत चालला, आणि त्याची ट्यूब कधी गेली नाही.

पुढची वर्षे बरी गेली. प्लेस्टेशन आले, घरोघरी संगणक आले, भाड्याचे काम संपले आणि दुरुस्तीचे वाढले. मामा २००६ साली गेले.

२००९ साली एक तरुण रिक्षातून जुना टीव्ही घेऊन आला. घरी एलसीडी घेतला होता, हा भंगारात द्यायचा, पण तुम्ही जुन्या वस्तू ठेवता म्हणून आधी विचारतो, असे म्हणाला. पत्ता ऐकला तेव्हा माझे हात थांबले. मी त्याच्यासमोर मागचे झाकण उघडले. ट्यूबवर कारखान्याचे कागदी लेबल जसेच्या तसे होते, १९८९ चे, टीव्हीच्याच वर्षाचे. ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, म्हणजे यो‍कच्या रबरी पाचरी मूळ डिंकाने चिकटलेल्या होत्या आणि तीन रंग जुळवणाऱ्या कन्व्हर्जन्सच्या रिंगांवरचा रंगाचा ठिपका मोडलेला नव्हता. ट्यूब बदलायची तर हे सगळे मोडल्याशिवाय योक निघतच नाही. बोर्डवर फक्त एका जागी परके सोल्डरिंग होते, भोवती फ्लक्सचे पिवळे डाग होते. व्हर्टिकल आयसीच्या पायांवर. मुलाला मी सगळे दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, बाबांनी ट्यूबचे पैसे दिले होते.” मी म्हटले, निम्मे माझ्या मामांनी दिले होते.

ज्यांनी ते बिल लिहिले त्यांचे दुकान तोवर बंद झाले होते. मी कोणाकडे गेलो नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: काढलेला प्रत्येक पार्ट, जळका असो की फुटका, कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि बिलावर बिघाड काय होता ते त्याला कळेल अशा शब्दांत लिहायचे. जे तरुण दुरुस्तीच्या धंद्यात येत आहेत त्यांनीही हे करावे. भाव कमी घेतला तरी चालेल, पार्ट परत द्यावा.

हल्ली येणारे बहुतेक चाळिशीतले असतात. माळ्यावर मशिन सापडले, चालू करून द्या, मुलांना दाखवायचे आहे, असे म्हणतात. मागच्या वर्षी न्यू जर्सीहून आलेल्या एका गृहस्थांना मला सांगावे लागले की तिथे १२० व्होल्टची लाइन आहे, आपला अ‍ॅडॉप्टर चालणार नाही, आणि फक्त एनटीएससी घेणाऱ्या टीव्हीवर पालचे चित्रही नीट दिसणार नाही. रिमोटचे रबर झिजले असेल तर आम्ही टीव्हीच्या रिमोटच्या रबराचे कार्बन कापून बसवतो. पाच वायरींपैकी एखादी प्लगजवळ तुटली असेल तर ते दहा मिनिटांचे काम आहे. फक्त गेमची बंदूक आणली तर मी त्यांना थांबवून घेतो. बदकांच्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड त्याच घटकेला पाहतो. एलसीडीवर चित्र उशिरा पोहोचते आणि जुन्या ट्यूबसारखी प्रकाशाची धाव तिथे नसते, म्हणून बंदूक तिथे आंधळी होते. तिची परीक्षा जुन्या टीव्हीवरच होते.

त्यासाठी आमच्या दुकानात खिडकीजवळ ब्राह्मणपुरीतला तो वीस इंची टीव्ही लावलेला आहे, त्याच १९८९ च्या ट्यूबसह. गिऱ्हाइकाला मी बंदूक देतो आणि चार हात मागे उभे करतो.